घरचं गिऱ्हाईक : सॅमसंगच्या सुवनमधल्या मार्केटिंगवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
कोरियातलं मोबाईलचं मार्केटिंग बघणारे सगळे लहानमोठे साहेब आणि मॅडम,
सॅमसंग डिजिटल सिटी, सुवन

नमस्कार,

मी तुमची शेजारीण. सुवनच्या योंगथोंग भागात राहते, तुमच्या गेटपासून चालत येण्याजोग्या अंतरावर. आमच्या घरातलं कुणीही तुमच्याकडे कामाला नाही, हे आधीच सांगून टाकते कारण सुवनमध्ये भारतीय बाई दिसली की नवरा सॅमसंगमध्ये इंजिनियर असणार हे लोक धरूनच चालतात. पत्र मराठीत आहे, त्याला इलाज नाही, राग मला मराठीतच नीट येतो. तुमच्याकडे जोशी, पाटील, कुलकर्णी असतीलच, कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांनो, तुम्हाला वाटतं ना की कोरियात सगळे सॅमसंगच वापरत असतील, तर थांबा जरा.

गॅलप कोरियाचा स्मार्टफोनचा सर्व्हे दरवर्षी येतो, तो तुम्ही माझ्याआधी वाचत असणार. २०२३ मध्ये एकूण मोठ्या माणसांत ६९ टक्के सॅमसंग आणि २३ टक्के अ‍ॅपल. छान. पण १८ ते २९ वयाच्या खान्यात बघितलं तर आयफोन ६५ टक्के आणि गॅलॅक्सी ३२. आदल्या वर्षी म्हणजे २०२२ ला तिथेच ५२ आणि ४४ होते. एका वर्षात एवढं. तुमच्या स्वतःच्या देशात, तुमच्या स्वतःच्या भाषेत, तुमचाच टीव्ही तुमचाच फ्रिज असलेल्या घरात वाढलेली पोरं.

यावर तुम्ही काय केलं ते दिसतंय. जून २०२३ मध्ये सोलच्या गंगनम भागात तरुणांसाठी म्हणून मोठं स्टोअर उघडलं. त्याच जुलैत अनपॅक्ड, म्हणजे नवे फोन दाखवायचा तुमचा सोहळा, पहिल्यांदाच सोलमध्ये, कोएक्स सेंटरला केला, इतकी वर्षं न्यूयॉर्क, लंडन, बार्सिलोना करून झाल्यावर. घडीच्या फ्लिप फोनला गोड गोड रंग आले. म्हणजे मीटिंगमध्ये ठरलं असणार की इमेजचा प्रॉब्लेम आहे, आपला फोन काकालोकांचा वाटतो, तर मग पोरांना आवडेल असं काहीतरी दाखवू. मला हे निदानच चुकलेलं वाटतं. इमेजचा प्रॉब्लेम आहेच, नाही कसा, पण तो तापासारखा वरवरचा आहे, दुखणं वेगळं आहे आणि ते जुनं आहे.

जुनं म्हणजे किती जुनं, तर टचस्क्रीन आली तेव्हापासूनचं.

कोरियाला टचफोन अमेरिकेने शिकवला असं सगळ्यांना वाटतं. तसं नाहीये. २००७ मध्ये एलजीने प्राडाच्या नावाने फोन काढला होता, बोटाच्या नुसत्या स्पर्शावर चालणारा, कपॅसिटिव्ह टचवाला जगातला पहिला मोबाईल तोच, आयफोन दुकानात यायच्या आधीचा. आणि तुम्ही मार्च २००८ मध्ये एनीकॉल या तुमच्या तेव्हाच्या ब्रँडखाली हॅप्टिक आणला. हात लावला की फोन वेगवेगळ्या प्रकारे थरथरतो, नटी जुन जी-ह्युनची जाहिरात, टॅगलाईन अशा अर्थाची की स्पर्श कर, उत्तर मिळेल. मी तेव्हा इथे नव्हते, नंतर शेजारच्या आजींच्या मुलीकडून ऐकलं की कॉलेजात एकाकडे आला की सगळा वर्ग तो फोन हातात घेऊन बघायचा. मग २००९ च्या मे महिन्यात किम यूनाच्या नावाचा हॅप्टिक. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ती फिगर स्केटिंगची वर्ल्ड चॅम्पियन झालेली, सगळा देश तिच्यावर जीव टाकत होता, आणि तो फोन दहा लाखांच्या वर गेला. पाच कोटींच्या देशात. एका मुलीच्या नावावर.

आता त्या फोनमध्ये काय नव्हतं ते बघा. वायफाय नव्हतं. तेव्हाच्या कोरियातल्या बऱ्याच फोनमध्ये नसायचंच, कारण कॅरियरला, म्हणजे सिम देणाऱ्या कंपनीला, डेटाचे पैसे हवे असायचे. टच होता पण दाबून चालणारा, नख लावायला लागायचं. अ‍ॅप म्हणजे कॅरियर देईल तेवढंच. हे ग्राहकाला कुणी सांगितलं नाही आणि त्याला कळायचा मार्गही नव्हता, कारण शेजारी ठेवून बघायला दुसरं काही दुकानातच नव्हतं. एप्रिल २००५ पासून इथे नियम होता की नेट चालवणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये विपी नावाचं सरकारी ठरवून दिलेलं सॉफ्टवेअर पाहिजेच. बाहेरच्या कंपन्या फक्त कोरियासाठी ते कशाला घालतील? म्हणून त्या आल्याच नाहीत. आयफोन अमेरिकेत २००७ ला आला, इथे लोक त्याला पुढच्या महिन्याचा फोन म्हणून हसायचे, कारण प्रत्येक महिन्याला बातमी यायची की पुढच्या महिन्यात येतोय. विपीची सक्ती एप्रिल २००९ मध्ये उठली, मग लोकेशनच्या कायद्याची परवानगी, मग अजून काहीतरी, आणि शेवटी २८ नोव्हेंबर २००९ ला केटी या कॅरियरने सोलमधल्या जामसिलच्या इनडोअर स्टेडियममध्ये तो लाँच केला. आदल्या दिवसापासून लोक थंडीत रांगेत बसले होते.

तुमचं उत्तर होतं ऑम्निया टू. आठवतंय का तुमच्यातल्या जुन्या लोकांना? आठवत असणारच. आधीच्या ऑम्नियालाच सर्वज्ञ सर्वशक्तिमान म्हणून विकलं होतं, आणि या दुसऱ्याला तर आयफोनच्या तोंडावर उभं केलं. आत विंडोज मोबाईल, वर तोच दाबायचा टच. ज्यांनी देशाचा फोन म्हणून तो दोन वर्षांच्या करारावर घेतला ते दोन वर्षं त्याला शिव्या देत बसले. शेवटी नुकसानभरपाईसारखं काहीतरी देण्याची वेळ आली तुमच्यावर. माझ्या ओळखीतला एक कोरियन गृहस्थ, पन्नाशीचा, शांत माणूस, बाकी कशावर आवाज चढवत नाही, पण ऑम्नियाचं नाव काढलं की त्याची सोजूची बाटली खाली ठेवली जाते. त्याच्या घरात त्यानंतर पोरांनी काय घेतलं असेल?

हे सगळं उगाळण्याचं कारण असं की तुम्ही ज्याला घरच्या मार्केटमधली ब्रँड लॉयल्टी म्हणता ती मोजली कशी? गावात किराण्याचं एकच दुकान असेल, वरून उधारी पण तिथेच मिळत असेल, तर सगळा गाव तिथेच जातो, त्याला दुकानदारावरचं प्रेम म्हणत नाहीत. भिंत पडल्यावर कोण थांबलं ते बघायला पाहिजे.

आणि इथे भिंती एकावर एक होत्या. विपी गेली तर कॅरियर. आयफोन सव्वा वर्ष फक्त केटीकडेच होता, एसके टेलिकॉमकडे मार्च २०११ मध्ये आला, एलजी यूप्लसकडे तर थेट आयफोन सिक्सला, २०१४ मध्ये. मग सबसिडी. भारतातल्या वाचकांना सांगते, इथे फोनची किंमत म्हणजे नुसती फोनची किंमत नसते, दोन वर्षांचा करार, कॅरियर बदलला तर वेगळी सूट, महागडा प्लॅन सहा महिने ठेवला तर वेगळी, आणि हे सगळं दुकानागणिक वेगळं. फेब्रुवारी २०१४ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, पहाटे ३ ला लोक सोलमधल्या दोंगदेमुनच्या दुकानांसमोर रांगा लावून उभे होते कारण इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं की आत्ता या दुकानात नेहमीच्या किमतीच्या फुटकळ भागात फोन मिळतोय. त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीत कुणी तोच फोन पूर्ण पैसे देऊन घेतला असणार. मग सरकारने ऑक्टोबर २०१४ पासून कायदा आणला, सगळ्यांना सारखी सबसिडी आणि तिला कमाल मर्यादा, म्हणजे आता सगळ्यांनाच सारखा महाग. तो कायदा शेवटी २२ जुलै २०२५ ला गेला.

सिन्दोरिमच्या टेक्नोमार्टला मी पहिल्यांदा फोन घ्यायला गेले तेव्हाची गंमत सांगते. मोबाईलचा मजला, काउंटरला काउंटर चिकटलेले, आणि भाव कुणी तोंडाने बोलतच नाही. माणूस विचारतो, बाकी ठिकाणी किती बघून आलात? आणि कॅल्क्युलेटर पुढे सरकवतो, तुम्ही आकडा टाकायचा, तो दुसरा आकडा टाकून परत सरकवणार. कारण कायद्याबाहेरची सूट तोंडाने बोलली आणि कुणी रेकॉर्ड करून तक्रार केली तर दंड. मला तुळशीबागेत भाव करायची सवय, पण हे मुक्याने! तिथे मी बघितलं ते असं, की लोक ब्रँड ठरवून येतच नव्हते. आज कशावर जास्त सुटलंय ते विचारत होते. तुमच्या फोनवर जास्त सुटायचं कारण तुमचे फोन सगळ्या किमतीचे होते आणि तुम्ही आणि कॅरियर मिळून पैसे टाकत होतात. घरी आल्यावर ते गिऱ्हाईक तुमच्या शीटवर लॉयल म्हणून चढलं.

बरं, अ‍ॅपलवाले काही संत नाहीत, ते इथेच सांगते नाहीतर खाली लोक मला फॅनगर्ल म्हणतील. आयफोनच्या इथल्या टीव्हीवरच्या जाहिराती तुम्ही बघितल्यात ना, पूर्ण जाहिरात अ‍ॅपलची आणि शेवटी दोन सेकंद कॅरियरचा लोगो. त्या जाहिरातीचे पैसे कॅरियर भरत होते! जाहिरातीचा आणि वॉरंटीच्या दुरुस्तीचा खर्च कॅरियरवर ढकलला म्हणून इथल्या फेअर ट्रेड कमिशनने चौकशी लावली आणि २०२१ मध्ये अ‍ॅपलने १०० अब्ज वॉनचा निधी द्यायचं कबूल करून ते प्रकरण मिटवलं. जुन्या बॅटरीचे फोन गुपचूप हळू करायचं प्रकरण तर जगभर गाजलं. इथे डिसेंबर २०२३ मध्ये सोलच्या हायकोर्टाने अपील करणाऱ्या ७ जणांना प्रत्येकी ७०,००० वॉन द्यायला लावले. सत्तर हजार वॉन म्हणजे चौघांचं चिकन आणि बियर, बिल थोडं वर जाईल.

आणि तुमचं जीओएस, म्हणजे गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस. एस ट्वेंटी टू फेब्रुवारी २०२२ ला आला, गेम चालू केला की फोन स्वतःच स्वतःचा वेग कमी करतो आणि ते बंद करायची सोय नव्हती, हे पोरांनीच शोधून काढलं. फोनचा वेग मोजणाऱ्या बेंचमार्कवाल्यांनी तुमचे फोन यादीतून काढले, कोर्टात दावे पडले, आणि १६ मार्चला आमच्या इथल्याच सुवन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये शेअरहोल्डर मीटिंगला तुमचे तेव्हाचे सीईओ हान जोंग-ही साहेबांनी वाकून माफी मागितली.

आता मला जे खरं विचारायचंय ते हे. दोघांनी एकच केलं, फोन हळू केला आणि सांगितलं नाही. मग त्यांच्याकडची पोरं का टिकली आणि तुमच्याकडची का गेली? याचं उत्तर आयडॉलमध्ये, म्हणजे जाहिरातीतल्या पॉपस्टारमध्ये, नाही. अमेरिकेत म्हणतात की आयफोन नसलेल्याच्या मेसेजचा बुडबुडा हिरवा दिसतो, त्याची पोरांना लाज वाटते म्हणून आयफोन घेतात. इथे ते कारण लागूच होत नाही, सगळा देश २०१० पासून काकाओटॉक या मेसेजच्या अ‍ॅपवर आहे, तिथे फोन कुठला ते कळत पण नाही. उलट इथे तर आयफोन घेणं म्हणजे त्रास होता. अ‍ॅपल पे मार्च २०२३ पर्यंत नव्हतं, आलं ते पण एकाच कंपनीच्या कार्डावर आणि ते चालणारी मशीनं फार थोड्या दुकानांत. सॅमसंग पे मात्र २०१५ पासून, कार्ड घासायच्या जुन्या मशीनवर पण चालायचं, ती आयडिया झकासच होती, मी अजून वापरते. कॉल रेकॉर्डिंग नव्हतं, आणि या देशात घरमालकापासून बॉसपर्यंत सगळ्यांचे कॉल लोक रेकॉर्ड करून ठेवतात. बसचं कार्ड आयफोनवर नीट चालायला जुलै २०२५ उजाडलं. एवढं सगळं सोडून पोरं तिकडे गेली. पैसे जास्त देऊन गेली. लॉयल्टी या शब्दाला काही अर्थ असेल तर तो तिकडे आहे, गैरसोय सोसून थांबणं.

का गेली याचं माझं उत्तर मी घरातल्या भांडणातून काढलंय. मुलगी मिडल स्कूलला आहे. तिचा पहिला फोन आम्ही घेतला, गॅलॅक्सी, स्वस्त मॉडेल, कॅरियरने जवळपास फुकट दिला. का घेतला? कारण त्यावर आईबापाला वेळ लावता येतो, अ‍ॅप बंद करता येतात, पडला तर दुरुस्ती जवळ होते. सगळ्या वर्गाचं हेच. त्याआधी प्रायमरीत तर कॅरियरचे किड्स फोन असतात, बऱ्याचदा तुमच्याच साध्या मॉडेलवर कार्टून चढवलेलं. म्हणजे कोरियातल्या पोराचा गॅलॅक्सीशी पहिला संबंध काय, तर आईने दिलेला, आईने लॉक लावलेला, दोन वर्षांत अडकायला लागलेला फोन. या पोरांनी गॅलॅक्सी कधी निवडलाच नाही हो. त्यांना तो लागला, दाताच्या तारा लागतात तसा. मग नोव्हेंबरात सुनुंग, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा, संपते, अठरा वर्षांचं ओझं उतरतं, कॅरियर परीक्षार्थींसाठी ऑफर काढतात, आईबाप म्हणतात घे आता तुला हवा तो. आणि दुकानात त्या महिन्यात नवाकोरा काय असतो? आयफोन, नुकताच आलेला. तुमचा नवा एस जानेवारी-फेब्रुवारीत येणार. आयुष्यातली पहिली महागडी वस्तू स्वतः निवडायचा क्षण त्यांच्याकडे गेला. स्वतः निवडलेल्या गोष्टीला माणूस माफ करतो. बॅटरीचं माफ केलं ते म्हणून. तुम्हाला जीओएसचं माफ केलं नाही कारण मुळात मनातून कुठे घेतलं होतं.

दुसरं कारण फोटो. काकाओवर नुसता पाठवला तर फोटो बारीक होतो, म्हणून चार मैत्रिणी फिरायला गेल्या की ज्या तिघींकडे आयफोन त्या एअरड्रॉप करून, म्हणजे आयफोनवरून आयफोनवर थेट पाठवून, मोकळ्या होतात आणि चौथी म्हणते मला नंतर वेगळा पाठव ना. चौथी किती दिवस चौथी राहील? तुमच्याकडे पण तसंच फीचर आहे, माहितीये मला, पण ते असून काय उपयोग, समोर गॅलॅक्सी असलेलं दुसरं कुणी पाहिजे ना.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची, कारण ती खरी आहे आणि ती तुम्हीच विसरलाय असं मला वाटतं.

लॉयल्टी तुम्ही एकदा कमावली होती. मार्च १९९५, गुमीचा कारखाना. तुमचे तेव्हाचे चेअरमन ली कुन-हींनी नववर्षाची भेट म्हणून दिलेले फोन नीट चालत नव्हते. मग खराब माल परत बोलावला, लोकांना नवे फोन दिले, आणि जवळपास दीड लाख फोन आणि इतर माल कारखान्याच्या मैदानात कामगारांसमोर जाळला, ५० अब्ज वॉनच्या आसपासचा माल. तेव्हाची जाहिरात काय होती? कोरियाच्या जमिनीवर दमदार. सगळा देश डोंगरांचा, डोंगरात मोटोरोलाला रेंज जायची आणि एनीकॉलला यायची म्हणे. त्याच वर्षी इथे तुम्ही मोटोरोलाला मागे टाकलं. त्या जाहिरातीत नुसतं देशप्रेम नव्हतं, फोन खरंच लागायचा.

आणि नोट सेव्हन. ऑगस्ट २०१६ ला आला, पेट घ्यायला लागला, २ सप्टेंबरला २५ लाख फोन परत बोलावले, बदलून दिलेले पण पेटले, ११ ऑक्टोबरला बंद. दुसरी कुठली कंपनी संपली असती. तुम्ही सगळे परत घेतले, कारण जाहीर केलं, आणि २०१७ ला एस एटची इथली प्री-ऑर्डर दहा लाखांवर गेली. हे मात्र मी प्रेमच म्हणते. त्याच जुलैत नोट सेव्हनचेच सुटे भाग वापरून, बॅटरी लहान करून, फॅन एडिशन म्हणून ४ लाख फोन काढले आणि लोकांनी तेही घेतले, सात लाख वॉनच्या आसपास देऊन. पेटलेल्या फोनचा धाकटा भाऊ विकत घेणारे लोक तुमच्याकडे होते. पण ती माणसं आज कोण आहेत बघा. चाळिशी-पन्नाशीची. त्यांनी गुमीचा धूर टीव्हीवर बघितलाय, त्यांना तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तासाभरात स्क्रीन बदलून मिळालीये. ती दुसऱ्या फोनकडे ढुंकून बघत नाहीत, माझ्या सोसायटीतल्या आजी तर स्क्रीन तडकली तरी फोन बदलत नाहीत, तिथला मुलगा चांगला आहे म्हणतात. ते प्रेम पोरांना आयतं वारशाने मिळेल असं तुम्ही धरून चाललात.

मधल्या काळात बाकीचे घरचेच मेले हे पण झालं. पँटेक गेली, स्काय आणि व्हेगावाली, एकेकाळी पोरांमध्ये तीच स्टायलिश होती. एलजीने ५ एप्रिल २०२१ ला जाहीर केलं आणि ३१ जुलैला फोनचा धंदा बंद केला. पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, आमच्या नात्यातले लोक तिथे आहेत, त्यांना वाईट वाटलं होतं, टीव्ही-फ्रिज चालू आहेत म्हणून बरं. एलजीचं इथलं गिऱ्हाईक बरंच तुमच्याकडे आलं, तुमचा आकडा फुगला. ते पण लॉयल्टीत धरलंत का? ते अँड्रॉइड सोडायचा कंटाळा म्हणून आले, त्यांना अजून कुठे जायचं होतं.

२०१५ च्या एस सिक्सपासून इथे विकायच्या फोनवर पुढे सॅमसंग हे नावच छापत नाही तुम्ही. स्वतःच्या देशात स्वतःचं नाव काढून टाकलं, दिसायला बरं दिसतं म्हणून असेल, पण बाहेरून आलेल्या माणसाला हे फार विचित्र वाटतं. आमच्याकडे गणपतीच्या मांडवाला सुद्धा देणगीदार नाव मोठं टाकायला सांगतो.

असो. सारखी तक्रारच नको, मला काय हवंय ते लिहिते.

एक तर कुलुपांवर अवलंबून राहू नका. सॅमसंग पे, कॉल रेकॉर्डिंग, बसचं कार्ड ही तुमची शेवटची कुलुपं होती आणि ती उघडली गेली. अ‍ॅपल पेला पहिल्याच दिवशी दहा लाखांवर कार्डं जोडली गेल्याचं हुंडाई कार्डवाल्यांनी, म्हणजे त्या एकाच कार्ड कंपनीने, सांगितलं, आणि आयफोनमध्ये कॉल रेकॉर्डिंग २०२४ च्या ऑक्टोबरपासून आहे, समोरच्याला सांगून होतं पण आहे. कुलूप होतं तोवर आत किती लोक आहेत ते मोजून तुम्ही खूष होता, आता आकडा थोडा वर-खाली होईल, घाबरून लगेच नवा आयडॉल आणू नका. त्यांच्याकडे पण आयडॉल आहेत. न्यूजीन्स या मुलींच्या बँडच्या म्युझिक व्हिडिओत आयफोन होताच की. पॅरिस ऑलिम्पिकला उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या टेबल टेनिसवाल्यांनी पदकं घेऊन तुमच्या फ्लिपवर एकत्र सेल्फी काढला, जगभर गेला तो. पोडियमवर सेल्फी काढायची सोय तुमच्याच स्पॉन्सरशिपमधली होती, पण लोकांना भावलं ते दोन्ही कोरिया एका फोटोत आले हे. असं काही पैसे देऊन होत नाही.

दुसरं, जे खरंच चांगलं केलंत ते इतकं हळू आवाजात का सांगता? २०२४ च्या एस ट्वेंटी फोरपासून सात वर्षं अपडेट. सात! सुनुंगनंतर घेतलेला फोन डिग्री, मुलांची मिलिटरीतली दीड वर्षं आणि पहिली नोकरी होईपर्यंत चालेल. हे मी कुठल्या मेट्रो स्टेशनवर मोठ्या अक्षरात बघितलं नाही, तिथे कॅमेऱ्याचा झूम आणि एआय बघितलं. आणि हेच स्वस्त मॉडेलला पूर्णपणे लावा, कारण पोराच्या हातात पहिला तोच पडतो. आईने घेतलेला स्वस्त गॅलॅक्सी तिसऱ्या वर्षी पण अडकला नाही, तर त्या पोराच्या मनात तुमच्याबद्दल जे तयार होईल ते गंगनमच्या त्या स्टोअरच्या सहा मजल्यांत नाही होणार. लहान मुलांच्या फोनमधलं मार्केटिंगचं बजेट नसेलच बहुतेक, कारण घेणारी आई असते. पण आठवण पोराची राहते.

तिसरं, फोन काही कारणाने हळू होणार असेल, गरम होतो म्हणून, बॅटरी वाचवायची म्हणून, तर ते पहिल्या दिवशी स्क्रीनवर सांगा आणि बटण द्या. मार्च २०२२ मध्ये आरडाओरडा झाल्यावर दिलंतच ना? मग आधी द्यायला काय झालं होतं. कोरियन गिऱ्हाईक स्पेक वाचतं, इतकं वाचतं की मला वेड लागायची वेळ येते, दुकानात साठीची बाई चिपचं नाव विचारते. अशा गिऱ्हाईकापासून लपवणं म्हणजे धाडसच.

आणि सर्व्हिस सेंटर. देशभर शंभराच्या वर आहेत, तुमच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा ती मोठी जाहिरात आहे आणि तिच्यावरच पन्नाशीचा सगळा वर्ग टिकून आहे. तिथे काउंटरवर बसणाऱ्या मुलांना रोज कळतं कोण कुठल्या गोष्टीवर वैतागलंय, कुणाची पोरगी शेजारी उभी राहून आईला म्हणतेय दुरुस्त नको करू, आता नवा घेऊ, दुसरा घेऊ. हे तुमच्या एजन्सीला सर्व्हे करून कळणार नाही. पुढच्या मॉडेलची मीटिंग भरेल तेव्हा एजन्सीच्या चार लोकांमधला एक कमी करा आणि योंगथोंगच्या सेंटरमधल्या एकाला बोलवा, बोलू द्या त्याला, आणि मग रंग कुठला ठेवायचा ते ठरवा.

आपली,
योंगथोंगमधली एक शेजारीण

ता. क. मुलीला आयफोन घेऊन दिलेला नाही अजून. पुढच्या वर्षापर्यंत वेळ मागून घेतलाय मी, म्हणजे तुमच्याकडे पण तेवढाच आहे.